घरमालक, भाडेकरू आणि पावतीचा कागद
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षकाने अभ्यासावर बोलावे, असा रिवाज आहे. मी आज घरभाड्यावर बोलणार आहे. काहींना हा विषय शाळेच्या आवाराबाहेरचा वाटेल. परंतु ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा मुलगा आठ-आठ दिवस वर्गात दिसत नाही, चौकशी केली तर कळते की घरमालकाने सामान बाहेर काढले आणि कुटुंब मामाच्या गावी गेले. दुसऱ्या बाजूला एखाद्या मुलीची फी भरली जात नाही, कारण तिच्या विधवा आईचे सारे उत्पन्न म्हणजे पुढच्या दोन खोल्यांचे भाडे, आणि ते वर्षभर थकलेले. दोन्ही मुले आपल्याच शाळेची. एकाचे वडील भाडेकरू, दुसरीची आई घरमालकीण. म्हणून मी कोणा एकाची बाजू घेऊन येथे उभा नाही. मी वकीलही नाही. मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो, आणि जे वाचून समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे भाडेकरू आणि कूळ हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. कूळ म्हणजे शेतजमीन कसणारा. त्याच्यासाठी आपल्या भागात निजामी संपल्यावर हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आला, आणि त्या कायद्याने कित्येक कुळांना जमिनीचे मालक होता आले. त्यावरून लोकांच्या डोक्यात पक्के बसले की घरातही बारा वर्षे राहिले म्हणजे घर आपले. हे साफ चूक आहे. घरात भाडेकरू म्हणून शिरलेला माणूस मालकाच्या परवानगीने राहतो; परवानगीचा ताबा बारा वर्षांनीच काय, चाळीस वर्षांनीही मालकी देत नाही. या गैरसमजाने दोन्हीकडचे नुकसान होते. भाडेकरू खोट्या आशेवर भाडे थांबवतो, आणि मालक खोट्या भीतीपोटी दर अकरा महिन्यांनी चांगल्या भाडेकरूलाही उठवतो.

आता घरांचा कायदा. महाराष्ट्र राज्य १९६० साली एक झाले, पण भाड्याचे कायदे पुढे चाळीस वर्षे तीन राहिले. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४७ चा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश, आणि आपल्या मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा. आपल्या जुन्या मंडळींना ‘कंट्रोलर’कडे अर्ज केल्याचे आठवत असेल, ते या हैदराबाद कायद्याखाली. मुंबईच्या कायद्यात भाडे १९४० सालच्या दरावर गोठवलेले होते. घराची घरपट्टी वाढली, चुना-वाळू महागली, मिस्त्रीची मजुरी वाढली आणि भाडे मात्र आजोबांच्या काळचे. डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे गोठवणे आता वाजवी राहिलेले नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ झाला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि तिन्ही जुने कायदे रद्द झाले. हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या शहरांना आणि जुने कायदे ज्या ठिकाणी लागू होते त्या ठिकाणांना लागू आहे. बाकी खेड्यापाड्यांत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम चालतो. आपले घर कोणत्या कायद्याच्या हद्दीत येते, हे वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

या कायद्याचा गाभा एका वाक्यात असा आहे: जो भाडेकरू ठरलेले भाडे आणि कायदेशीर वाढ देतो, किंवा देण्यास तयार आहे, आणि कराराच्या बाकी अटी पाळतो, त्याला सहसा घराबाहेर काढता येत नाही. ‘देण्यास तयार आहे’ हे शब्द लक्षात ठेवावेत. पण तयार होता हे सिद्ध कशाने करणार? येथेच सारे अडते.

निलंग्यासारख्या गावात भाड्याचा व्यवहार तोंडी होतो. ओळखीचा माणूस असतो, नमाजला एका सफेत उभा राहणारा असतो. त्याच्याकडे पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याला वाटते. मला हे पटत नाही. कुराण शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली २८२ वी, ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. ज्या व्यवहाराबद्दल पुढे स्मरण वेगळे होऊ शकते, तो लिहून ठेवणे हा संशय नव्हे. आणि कायदाही तेच म्हणतो. या अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे भाडे मिळताच त्याची लेखी पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास त्याला दंड होऊ शकतो. म्हणजे पावती हे मालकाने केलेले उपकार नव्हेत आणि भाडेकरूने केलेला अपमानही नव्हे.

पावतीत काय असावे? देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, घराचा नंबर, कोणत्या महिन्याचे भाडे, किती रुपये, तारीख आणि सही. ‘कोणत्या महिन्याचे’ हे फार जण लिहीत नाहीत, आणि पुढे नेमका त्यावरच वाद होतो. आजकाल फोनवरून पैसे पाठवता येतात. तसे पाठवताना टिपणाच्या जागी ‘जुलैचे घरभाडे’ एवढे दोन शब्द टाकावेत. नुसते दीड हजार रुपये गेल्याचे दिसले तर ते उसने दिले, सामानाचे दिले की भाड्याचे, हे कोण सांगणार? मालक पावती देत नसेल तर रोख देणे थांबवून बँकेच्या खात्यातूनच पैसे पाठवावेत. त्याने घेण्यासच नकार दिला तर गप्प बसू नये. ‘मी देत होतो, त्यांनी घेतले नाही’ असे तोंडी सांगून भागत नाही; त्याच आठवड्यात भाडे देण्यास तयार असल्याचे पत्र पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी.

घरमालकांनाही पावतीचा तेवढाच उपयोग आहे. विधवा आईने दर महिन्याला पावती-पुस्तक लिहिले असेल, तर कोणत्या महिन्यापासून भाडे थकले हे तिच्याजवळ काळ्यावर पांढरे असते. नाहीतर भाडेकरू म्हणतो, सगळे दिले, आणि ती म्हणते, दिले नाही, आणि न्यायाधीशापुढे दोन जिभा उभ्या राहतात.

भाडे थकले तर काय होते, हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण येथे लोक घाबरून नको ते करतात. मालकाला थेट दावा लावता येत नाही. आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवस थांबावे लागते. या नव्वद दिवसांत भाडेकरूने बाकी भरली तर प्रश्न मिटतो. नाही भरली आणि दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून पुन्हा नव्वद दिवसांची मुभा आहे: थकबाकी, तिच्यावर वार्षिक १५ टक्के साधे व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरावा आणि पुढे भाडे नियमित भरत राहावे, म्हणजे थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. कायद्याने गरिबाला दोनदा श्वास घ्यायला वेळ दिला आहे. पण आपली माणसे काय करतात? वकिलाचे पाकीट आले की पोस्टमनला सांगतात, आम्ही येथे राहत नाही. पाकीट परत गेले म्हणजे बला टळली! ती टळत नाही. योग्य पत्त्यावर पाठवलेले पाकीट नाकारले तर ते मिळाले असेच कायदा धरतो, आणि तुमचे नव्वद दिवस तुमच्या नकळत संपतात. पाकीट घ्या, फोडा, तारीख लिहून ठेवा, आणि त्याच आठवड्यात जाणत्या माणसाला दाखवा.

खरोखर पैसे नसणाऱ्या भाडेकरूचे काय, असे कोणी विचारील. त्याला कायदा वेळ देऊ शकतो, पैसे देऊ शकत नाही. भाडे बुडवणे हा गरिबीचा हक्क आहे, असे मी मानत नाही. ज्याचे घर आहे तोही बहुधा आपल्यासारखाच आहे. आपल्या वस्तीत शंभर घरांचा मालक कोणी नाही, दोन खोल्यांचे मालक पुष्कळ आहेत.

मालकांना घर परत मिळण्याची इतर कारणेही कायद्यात आहेत: परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले, शेजाऱ्यांना सतत उपद्रव दिला, घर दुसऱ्याला पोटभाड्याने दिले, ज्या कामासाठी घेतले त्यासाठी सहा महिने वापरलेच नाही, अशी. पोटभाड्याबद्दल विशेष सावध राहावे. दुकान आपल्या नावावर, आणि आत मेहुण्याचा धंदा, तो आपल्याला महिना देतो, हा प्रकार आपल्या बाजारपेठेत सर्रास चालतो आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने गेली आहेत. मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी किंवा धंद्यासाठी जागेची खरी आणि वाजवी गरज असेल, तर तेही कारण आहे. पण तेव्हा न्यायालय दोघांपैकी अधिक हाल कोणाचे होतील हे तोलून पाहते. मुलाच्या लग्नाचे निमित्त सांगून घर सोडवून घेतले आणि वर्षाच्या आत जास्त भाड्याने दुसऱ्याला दिले, तर जुना भाडेकरू न्यायालयात जाऊन ताबा परत मागू शकतो. हे ऐकून काही चेहरे उतरलेले मला येथून दिसतात!

आणि कोणत्याही कारणाने का होईना, काढायचे ते न्यायालयाच्या हुकमाने. पाणी तोडणे, वीज तोडणे, संडासाला कुलूप लावणे हा कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. घरात माणसे नसताना कुलूप फोडून सामान रस्त्यावर टाकले, तर ज्याचा ताबा गेला तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न न्यायालय विचारातच घेत नाही. मालक असूनही आपण हरतो, ते या उतावीळपणामुळे. भाड्याचे दावे तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशांकडे, कनिष्ठ स्तराच्या न्यायालयात चालतात; त्यावर अपील तीस दिवसांत. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. आपल्या घरमालकीण भगिनींना हे ठाऊक नसते, म्हणून त्या दलालाच्या दारात जातात.

आता घराच्या दुरुस्तीविषयी. हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे. आपली जुनी घरे माळवदाची. मातीत बसवलेल्या दगडांच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाच्या आधी माळवदावर माती टाकून ते चोपावे लागते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माती वाढत जाते आणि छत जड होत जाते. उन्हाळ्यात अशा घरासारखा गारवा नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात या भिंतींनी आणि या मातीनेच माणसे गाडली. आपल्या तालुक्यातही त्या रात्रीच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत. तरी आजही गावठाणात अशी घरे उभी आहेत, आणि जी स्वस्त भाड्याने मिळतात ती बहुधा हीच. भिंत फुगलेली दिसते, तुळईला वाळवी लागलेली दिसते, आणि भाडेकरू म्हणतो दुरुस्ती मालकाने करावी, मालक म्हणतो सहाशे रुपये भाड्यात कसली दुरुस्ती? पाऊस मात्र दोघांची वाट पाहत नाही.

कायदा असा आहे: वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी. मालकाने दुर्लक्ष केले, तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी, आणि त्यानंतर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. पण एका वर्षात वळती रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. सहाशे रुपये भाडे असेल तर वर्षाचे झाले सात हजार दोनशे, त्याचा चौथा हिस्सा अठराशे. अठराशे रुपयांत माळवद निघत नाही आणि स्लॅबही पडत नाही, हे मलाही दिसते. म्हणून कायद्याने मालकालाही वाट दिली आहे. भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ घेता येते, म्हणजे सहाशेवर चोवीस रुपये. आणि विशेष दुरुस्ती किंवा सुधारणा केली तर त्या खर्चाच्या प्रमाणात, कायद्याने घातलेल्या मर्यादेत, भाडे वाढवता येते. तेव्हा दोघांनी एकत्र बसून, मालकाने पत्रे आणि लोखंड आणावे, भाडेकरूने मजुरी द्यावी व ती भाड्यात वळती व्हावी, असे कागदावर ठरवले तर निम्मी घरे वाचतील. माझ्या मते या सबंध विषयात सर्वांत निकडीचा भाग हाच, कारण बाकीच्या वादात पैसा जातो, येथे झोपलेली मुले जातात.

एक भीती यामागे नेहमी असते. भाडेकरू मोडक्या घरातही चिकटून राहतो, कारण त्याला वाटते की घर पडले की आपला हक्क गेला. आणि काही मालक घर पडण्याची वाटच पाहतात, कारण त्यांनाही तसेच वाटते. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ साली शहा रतनसी खिमजी यांच्या खटल्यात निकाल दिला. तो सांगली-मिरज भागातला खटला होता, मोडकळीस आलेली इमारत महापालिकेने पाडली होती. न्यायालयाने सांगितले की केवळ इमारत पडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्ट्यात इमारतीखालची जमीनही येते. अशा वेळी सोडून जायचे की नाही, हे भाडेकरूने ठरवायचे असते. तेव्हा भाडेकरू बंधूंनो, हक्कासाठी फुगलेल्या भिंतीखाली मुले निजवण्याची गरज नाही. आणि मालक बंधूंनो, भिंत पडली म्हणून दावा जिंकला, असेही नाही.

आता मृत्यूनंतरचा प्रश्न, कारण तो प्रत्येक घरी येतो. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारे कुटुंबीय भाडेकरू ठरतात. दुकान असेल तर त्याच्यासोबत तेथे धंदा करणारे कुटुंबीय. नवरा गेल्यावर चाळिसाव्याच्या आत बाईला ‘करार त्याच्याशी होता’ म्हणून उठवणे हे बेकायदेशीर आहे. मालक वारला तर भाडे कोणाला द्यावे, हा उलट प्रश्न. तीन मुलगे तीन वेळा मागायला येतात. वारसांनी एकत्र बसून एका माणसाचे नाव लिहून, सगळ्यांच्या सह्यांनिशी भाडेकरूला द्यावे. ‘सगळ्यांच्या’ म्हणताना बहिणींच्या आणि आईच्याही. आपल्या वारसा कायद्यात विधवेचा आठवा हिस्सा आणि मुलीचा मुलाच्या निम्मा हिस्सा ठरलेला आहे, तो भिंतींइतकाच भाड्यातही असतो. वाड्याच्या पुढच्या चार दुकानांचे भाडे भाऊ खातात आणि बहिणीला ईदला साडी देतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्याला मी दुसरे नाव देऊ शकत नाही, तो हक्क मारणेच आहे.

मशिदी-दर्ग्यांच्या वक्फ जागेतील दुकानांविषयी थोडक्यात सांगतो. तेथे मुतवल्लीचा तोंडी शब्द पुरत नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा वक्फ बोर्डाच्या पूर्वपरवानगीशिवाय टिकत नाही. जुन्या पावत्यांवर विसंबून ज्यांनी पागडी मोजली, त्यांनी आपले कागद एकदा तपासून घ्यावेत.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. दहावीनंतर तुमच्यापैकी बरेच जण लातूरला जाल. लातूर पॅटर्नच्या नावामुळे जिल्ह्याबाहेरचीही मुले तेथे येतात आणि खोल्यांचे भाव जूनमध्ये चढतात. तेथे एका खोलीत चौघे, जेवण मेसचे, आणि अनामत म्हणून दोन-तीन महिन्यांचे पैसे आधीच. आपल्याकडे अनामत या शब्दाचा अर्थ लहान मूलही जाणते: ठेव म्हणून दिलेली, परत करायची वस्तू. तरी वर्षाच्या शेवटी, रंग खराब झाला, नळ तुटला, असे म्हणत ती कापली जाते. याला उपाय साधा आहे. पहिल्या दिवशी खोलीचे, नळाचे, भिंतींचे, खिडक्यांचे, वीज मीटरच्या आकड्याचे फोटो काढावेत आणि त्याच दिवशी मालकाच्या फोनवर पाठवावेत. अनामत कधी आणि कशातून वजा होऊन परत मिळेल, हे लिहून घ्यावे. आपल्या राज्याच्या कायद्यात अनामतीला कमाल मर्यादा घातलेली नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या नमुना भाडे कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वतः तसा कायदा केल्याखेरीज तो लागू होत नाही. तेव्हा जे ठरेल ते कागदावरच.

आणि तो कागद पालकांनी सही करायचा. अकरावीचा मुलगा सोळा वर्षांचा असतो. अज्ञानाचा करार मुळातच रद्द, हे १९०३ सालच्या मोहरीबीबीच्या खटल्यापासून ठरलेले आहे. मुलाच्या सहीवर पन्नास हजार रुपये देऊन येणाऱ्या पालकांनी हा मुद्दा घरी जाऊन पुन्हा आठवावा.

हा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. मुदत संपली की खोली सोडावीच लागते. अडून बसलात तर दुप्पट दराने भरपाई पडू शकते. लोक समजतात की अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. इतर राज्यांत वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला ती सूट आहे, पण आपल्या १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असावा आणि तो नोंदवावा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. शिवाय मालकाला शिक्षा होऊ शकते. म्हणजे नोंदणी टाळून वाचवलेले पैसे मालकाच्याच अंगावर येतात. आणि ते पैसे असतात तरी किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. तीन हजार भाडे, अकरा महिने, दहा हजार अनामत, तर शुल्क शंभर रुपयांच्या आसपास. वर नोंदणी फी. शंभर रुपयांच्या कागदाअभावी पाच वर्षे तारखा करणारी माणसे मी न्यायालयाच्या आवारात पाहतो.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. लातूर-पुण्याला आपल्या मुलांना नाव विचारून खोली नाकारली जाते. फोनवर खोली रिकामी असते, नाव सांगितले की ती भरलेली असते. पालक मला विचारतात, यावर कायदा काय सांगतो? मी खोटा दिलासा देणार नाही. राज्यघटनेचे कलम १५ प्रामुख्याने सरकारवर बंधन घालते. खाजगी घरमालकाने कोणाला घर द्यावे यासाठी या भाडे कायद्यात तरतूद नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा त्या संस्थेचा नियम मान्य केला होता. ही वस्तुस्थिती आहे, आणि ती बदलावी असे मला वाटते. पण हाच प्रश्न आपल्या मालकांनीही स्वतःला विचारावा. आपणही मागच्या दारी जात विचारतो, फिरका विचारतो, अमुक मोहल्ल्याचा नको म्हणतो. ज्या शिक्षकांना बदलीवर निलंग्यात खोली मिळाली नाही, त्यांत सर्व धर्मांची माणसे आहेत. आणि ज्या बिगरमुस्लिम घरमालकांनी आपल्या मुलांना दोन-दोन वर्षे मुलासारखे ठेवले, त्यांचीही नावे या सभागृहातील पालकांना ठाऊक आहेत.

मालकांनी भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी. त्यात भाडेकरूने कमीपणा मानू नये. तो कागदही उद्या ‘मी येथे अमुक तारखेपासून राहतो’ याचा पुरावा होतो, आणि मुलाच्या रहिवासाच्या दाखल्याला उपयोगी पडतो.

एका वकील मित्राकडून तपासून घेतलेला कराराचा साधा मराठी नमुना आणि पावती-पुस्तकाचा नमुना मी संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे. नमुन्यात भाडे, मुदत, अनामत, वीज-पाणी कोणी भरायचे, दुरुस्ती कोणी करायची, आणि खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचे, एवढ्या सहा गोष्टी आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना नववी-दहावीची मुले वाचून दाखवतील, तसे मी त्यांना सांगितले आहे. नमुन्याच्या दोन प्रती काढाव्यात, एक मालकाकडे व एक भाडेकरूकडे राहावी, आणि प्रत्येक पानावर दोघांची सही असावी. ज्यांना नोटीस आलेली आहे त्यांनी पाकीट सोबत आणावे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयात बसतो.